सबीना ब्रेहनीच्या जबानीचं चौदावं पान

१

तेराव्या पानाच्या तळाशी पेन्शन मंडळाने विचारलेला एक प्रश्न टाइप केलेला होता : ‘मग ठाण्यावर निरोप कोणी दिला?’

पान उलटलं की पुढच्या पानाची सुरुवातच अशी होती : ‘…म्हणून आम्ही कोणीच कधी बोललो नाही.’ त्या पानाच्या कोपऱ्यात आकडा होता पंधरा.

डिम्फ्ना लॅलीने दोन्ही पानं पुन्हा वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“चोराला वाचनाची आवड दिसते,” ती म्हणाली. “नेमकं हवं ते पान नेलंय.”

कमांडंट फियाक्रा टूहीला हसू आलं नाही. डब्लिनच्या जुन्या छावणीतल्या लष्करी दफ्तरखान्याचा तो प्रमुख. इंग्रजांशी लढलेल्या माणसांचे कागद तिथे खोक्यांत भरून ठेवलेले आहेत. देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने लढणाऱ्यांना पेन्शन देऊ केलं, पण फुकट नाही. प्रत्येकाने मंडळासमोर यायचं, शपथ घ्यायची आणि आपण काय केलं ते सांगायचं. कोणी बंदूक चालवली होती, कोणी चिठ्ठ्या पोचवल्या होत्या, कोणी पळून आलेल्या पोरांना घरात लपवलं होतं. पुढे ते सगळं कुलपात गेलं आणि आता, सांगणारे मेल्यावर, गावागावाचे गठ्ठे लोकांसाठी उघडले जात होते. लीट्रिम परगण्यातल्या ड्रमकोरा गावचा गठ्ठा येत्या शुक्रवारी उघडायचा होता.

ड्रमकोरात १९२१च्या फेब्रुवारीत चार पोरं मारली गेली. इंग्रजांशी लढणाऱ्या स्वयंसेवकांच्या तुकडीतली ती पोरं एका गोठ्यात लपली होती. पहाटे इंग्रजांच्या सैनिकांनी गोठ्याला वेढा घातला. कोणीतरी बातमी दिल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं. काही दिवसांनी तुकडीच्या लोकांनी ल्यूक शॅन्ली नावाच्या तरुणाला घरातून उचललं आणि दलदलीच्या रस्त्यावर त्याचं प्रेत सापडलं. गळ्यात पुठ्ठ्याची पाटी होती : फितूर. शंभर वर्षं झाली तरी ती पाटी त्याच्या घराण्याच्या गळ्यातून निघाली नव्हती.

सबीना ब्रेहनी त्याच गावची. बायकांच्या संघटनेत होती, चिठ्ठ्या पोचवायची. १९३८ साली तिने मंडळापुढे जबानी दिली, तीच ही फाइल.

“पोलिसांना का नाही कळवलंत?” डिम्फ्नाने विचारलं.

“कळवलं की दुसऱ्या दिवशी पेपरात येणार. आणि शुक्रवारी अर्धं ड्रमकोरा इथे येऊन बसणार आहे, लॅलीबाई.”

डिम्फ्नाची सगळी नोकरी पोलिसांच्या तपास शाखेत गेली होती. निवृत्तीनंतर तिचं वैर उरलं होतं ते कोबीवरच्या गोगलगायींशी. गेल्या वर्षी तिने दफ्तरखान्याच्या कर्मचाऱ्यांना चोऱ्या कशा होतात यावर दोन व्याख्यानं दिली होती. टूहीला तिची आठवण झाली ती त्यामुळेच.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. गठ्ठा उघडण्याआधी नातेवाइकांना आणि ज्यांनी रीतसर परवानगी काढली असेल त्यांना फाइल बघता येते. सोमवारी तिघांनी ही फाइल पाहिली. सकाळी इमेल्डा बोहन, मारल्या गेलेल्या ल्यूकच्या बहिणीची नात. दुपारी मॅलकी गाफनी, ल्यूकला मारायचा हुकूम देणाऱ्या कप्तानाचा नातू. आणि संध्याकाळी डॉ. रुअरी हेनेगन, ड्रमकोरावर पुस्तक लिहिणारा इतिहासकार. पान नाही हे हेनेगननेच कळवलं. कोट आणि पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, आत फक्त पेन्सिल नेता येते, बाहेर पडताना वह्या तपासतात. खोलीत एक कॅमेरा आहे पण तो दाराकडे बघतो, टेबलांकडे नाही.

“फाइल परत घेताना काय बघता?”

“पानं मोजतो. प्रत्येक वेळी.”

“आणि तिन्ही वेळा बरोबर भरली?”

“तिन्ही वेळा,” टूही म्हणाला. त्याने फाइल तिच्यापुढे सरकवली. डिम्फ्नाने बोटाला थुंकी लावली, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती रुमालाला पुसली आणि पानं मोजू लागली. शेवटपर्यंत आली, थबकली, पुन्हा पहिल्यापासून मोजली.

पान गेलं होतं, आणि फाइलीत एकही पान कमी नव्हतं.

२

जास्तीचं पान सगळ्यात शेवटी होतं. पिवळा पडलेला, कोरा, जुना कागद. बाकीच्या पानांना वरच्या कोपऱ्यात दोऱ्यासाठी भोक पाडलेलं होतं, ह्याला नव्हतं. ह्याच्या कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीचा डाग होता. त्या काळात कित्येक फाइलींच्या शेवटी असा कोरा कागद आधाराला टाचलेला असायचा, असं टूही म्हणाला. म्हणजे हा कागद बाहेरून आलेला नव्हता. तो दुसऱ्या कुठल्या तरी फाइलीतला होता.

डिम्फ्नाने विचारलं, एका वेळी वाचकाला किती फाइली मिळतात. दोन, टूही म्हणाला. आणि सोमवारी तिघांनीही दोन-दोन घेतल्या होत्या. इमेल्डाने ल्यूकच्या आईची फाइल घेतली होती. मुलगा गेल्याबद्दल तिने सरकारकडे मदत मागितली होती आणि ती नाकारली गेली होती. गाफनीने आजोबांची स्वतःची पेन्शनची फाइल घेतली होती. हेनेगनने तुकडीच्या हजेरीपटाची.

त्या तिन्ही फाइली तिथल्या तिथे मागवून बघता आल्या असत्या. टूही उठलाही. डिम्फ्नाने त्याला खाली बसवलं. पान कुठे आहे हे कळलं तर कोणी ठेवलं हेही कळेल, पण का ठेवलं ते कळणार नाही, आणि एकदा तसं कळलं की माणसं खरं बोलायची बंद होतात, असा तिचा अनुभव होता. अगोदर तिला तिघांना भेटायचं होतं, हातात काही नसताना.

हेनेगन कॉलेजातल्या त्याच्या खोलीत भेटला. उंच, वाकलेला, बोलताना स्वतःच्याच वाक्यावर खूश होणारा. त्याचं पुस्तक छापखान्यात गेलं होतं आणि त्यात एक अख्खं प्रकरण ल्यूक शॅन्लीने फितुरी कशी केली यावर होतं. सोमवारी पान नाही हे बघून त्याला आधी वाटलं, हे जुनंच असणार, कागद काय, हरवतात. पण रात्री झोप लागेना आणि सकाळी त्याने टूहीला कळवलं. न कळवता गप्प बसला असता तर त्याचं प्रकरण तसंच छापून आलं असतं, हे त्याने स्वतःच डिम्फ्नाला ऐकवलं, जरा अभिमानानेच.

“निरोप देणारा ल्यूकच होता असं मी लिहिलंय,” तो म्हणाला. “दुसरा कोणी निघाला तर माझी फजिती होईल. पण आधी कळू दे तर खरं. सापडेल ना ते पान?”

जाताना जिन्यापर्यंत येऊन त्याने तेच पुन्हा विचारलं.

दुसऱ्या दिवशी डिम्फ्नाने गाडी काढली आणि लीट्रिमचा रस्ता धरला. ड्रमकोराच्या चौकात गाफनीचा दारूचा गुत्ता होता आणि त्याच इमारतीच्या दुसऱ्या दारावर ‘अंत्यविधीची सर्व व्यवस्था’ अशी पाटी. मॅलकी गाफनी दोन्ही दारांचा मालक आणि वर परगणा परिषदेचा सभासद.

“एका दाराने पाजतो, दुसऱ्याने पोचवतो,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक बाहेर जाऊच देत नाही, बाई. बसा.”

पण पानाचा विषय निघाला तसा त्याचा सूर बदलला. चौकात त्याच्या आजोबांच्या तुकडीचं स्मारक वसंतात उघडायचं होतं, दगड घडवून तयार होता. सबीना ब्रेहनी त्याच्या घरच्यांना कधीच आवडली नव्हती. ती शेवटपर्यंत आजोबांच्या समोरून जाताना मान फिरवायची, असं त्याचे वडील सांगत. डिम्फ्नाने सरळच विचारलं, तुम्ही घेतलंत का पान?

गाफनीने गुत्त्याच्या दाराकडे पाहिलं. आत कोणी नव्हतं.

“घ्यावंसं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? पण मी तिथपर्यंत गेलोच नाही. तेरावं पान वाचलं, तो प्रश्न वाचला आणि फाइल मिटली. आजोबांनी चुकीचा माणूस मारला असेल तर ते मला त्या खोलीत, पेन्सिल हातात धरून, परक्यांच्या देखत वाचायचं नव्हतं.” मग तो म्हणाला, “ज्याने कोणी निरोप दिला तो तर सुटलाच ना. अडकले ते हे दोघं. एक मेला आणि एक मारणारा.”

म्हणजे दुपारी चौदावं पान फाइलीत होतं की नव्हतं, हे त्याला सांगता येत नव्हतं. किंवा सांगायचं नव्हतं.

३

इमेल्डा बोहनचं घर गावाबाहेर, तळ्याच्या काठी होतं. ती परिचारिका म्हणून निवृत्त झाली होती. कमरेने जाड, चालीने चपळ, आणि आलेल्या माणसाला बसवायच्या आधीच चहाचं आधण ठेवणारी. शेगडीत पीट, दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीचं इंधन, जळत होतं. तिने गव्हाच्या काळ्या पावाचे जाड तुकडे कापले, त्यावर लोणी थापलं आणि मग एक बूट ठेवायचं खोकं आणून डिम्फ्नापुढे ठेवलं.

खोक्यात तिने सरकारला, मंत्र्यांना, दफ्तरखान्याला वर्षानुवर्षं लिहिलेल्या अर्जांच्या नकला होत्या. ड्रमकोराचे कागद उघडा, एवढंच मागणं. शाळेत असताना एका पोरीने तिला ‘फितुराची नात’ म्हटलं होतं. लग्न ठरताना नवऱ्याच्या चुलत्याने ह्या घराण्याची मुलगी नको म्हटलं होतं. ती हे सगळं रडगाणं म्हणून सांगत नव्हती, दुसऱ्या कोणाचं दुखणं सांगावं तसं सांगत होती. आजी विनी, म्हणजे ल्यूकची बहीण, बरीच वर्षं झाली गेलेली. आई फिलोमिना अजून आहे, नव्वदी उलटलेली, कॅरिकच्या वृद्धाश्रमात. रोज संध्याकाळी इमेल्डा तिच्याकडे जाते.

पान नाहीसं झाल्याचं डिम्फ्नाने सांगितलं तेव्हा इमेल्डाचा हात किटलीवर होता. तिने चहा ओतला, किटली खाली ठेवली आणि विचारलं, “म्हणजे आता फाइल उघडणं पुढे जाईल का?”

“तसं काही ठरलेलं नाही. तुम्ही वाचलं होतं का ते पान?”

इमेल्डाने मान हलवली. बाराव्या पानापर्यंत ती कशीबशी पोचली, मग डोळे भरून आले आणि अक्षरं दिसेनात, म्हणून फाइल परत दिली. डिम्फ्नाने तेरावं पान कुठे संपतं आणि पंधरावं कुठे सुरू होतं ते तिला सांगितलं. इमेल्डाने शेगडीतलं पीट सारखं केलं.

“त्या पानाचं मला काय करायचंय, बाई,” ती म्हणाली. “निरोप देणारीचं नाव असेल नाहीतर नसेल. ल्यूकने दिला नव्हता, हे मला पान न वाचताही ठाऊक आहे.”

निघताना तिने उरलेला पाव कागदात गुंडाळून डिम्फ्नाच्या हातात दिला. डिम्फ्नाला बाई आवडली. गाडीत बसताना तिने मनात ठरवूनही टाकलं होतं, की हे काम गाफनीचंच.

डब्लिनला परतताना लाँगफर्डच्या अलीकडे पेट्रोल भरायला ती थांबली. पंपावरच्या मुलीने विचारलं, भरणारी मी की तुम्ही? आणि डिम्फ्ना पैसे हातात धरून तशीच उभी राहिली.

देणारी.

४

“ल्यूकच्या आईची फाइल मागवा,” दुसऱ्या दिवशी सकाळी ती टूहीला म्हणाली. “तेवढीच.”

फाइल पातळ होती. टाचणीने टाचलेले चार-सहा कागद. म्हातारीचा अर्ज, पाद्र्याचं शिफारसपत्र, आणि शेवटी मंडळाचा एका ओळीचा नकार : अर्जदाराचा मुलगा सेवेत असताना मेला असं सिद्ध होत नाही. त्या नकाराच्या मागे, जिथे कोरा कागद असायला हवा होता तिथे, दोऱ्याचं भोक असलेलं एक पान होतं. कोपऱ्यात आकडा, चौदा.

टूही खुर्चीत बसला. “तुम्हाला कसं कळलं?” त्याने विचारलं.

डिम्फ्नाने सांगितलं. ड्रमकोरात शंभर वर्षं सगळे फितुराला ‘तो’ म्हणत आले आहेत. हेनेगन ‘देणारा’ म्हणाला, गाफनी ‘ज्याने’ म्हणाला. बाई असेल असं कोणाच्या मनातही आलेलं नाही. फक्त इमेल्डा ‘देणारी’ म्हणाली. ती सबीनाबद्दल बोलत नव्हती, कारण सबीनाने जबानी दिली, निरोप नाही. म्हणजे जिने निरोप दिला ती बाई आहे हे तिला माहीत होतं, आणि ते फक्त ह्या पानावर असू शकत होतं.

“एका शब्दावरून?” टूही म्हणाला.

“एका शब्दावरून मी ही फाइल मागवली नसती. पण मग बाकीचं आठवलं. गाफनी तेराव्या पानावर थांबला, ते पटतं. त्याला भीती होती. भ्यालेला माणूस दारातून मागे फिरतो. पण ही बाई सगळा जन्म ह्याच दाराशी धरणं धरून बसली होती. दार उघडल्यावर ती उंबऱ्यावर थांबेल? डोळे भरले तर पुसेल आणि वाचेल. आणि पान चोरीला गेलं म्हटल्यावर हेनेगनने दोनदा विचारलं, सापडेल ना. गाफनी चिडला. हिने एवढंच विचारलं, उघडणं पुढे जाईल का. जिचा आयुष्यभराचा पुरावा गेला ती असं विचारत नाही. पान कुठे आहे हे जिला माहीत आहे ती विचारते.”

आणि बाहेर नेलं नाही कारण तिला ते नष्ट करायचंच नव्हतं, डिम्फ्ना पुढे म्हणाली. दोन फाइली टेबलावर होत्या. एकीतला कोरा कागद दुसरीत, दुसरीतलं पान पहिलीत. मोजणी बरोबर. ल्यूकच्या आईची फाइल कधीच उघडली गेली होती, तिच्या पानांची छायाचित्रं केव्हाच सगळ्यांना बघायला ठेवली होती, मूळ कागद मागणारं इमेल्डाशिवाय कोणी नव्हतं. पान तिथे सुरक्षित राहिलं असतं. कधीतरी सापडलंही असतं.

“पण का?” टूही म्हणाला. “ल्यूक निर्दोष आहे असं लिहिलेलं असेल तर तिने हे नाचत नाचत गावभर न्यायला हवं.”

डिम्फ्नाने पान त्याच्याकडे वळवलं. दोघांनी ते एकत्र वाचलं.

‘विनीने. ल्यूकच्या बहिणीने. पण तुम्ही समजता तसं नाही. गोठ्यातला तोमास मॅक्टिग तापाने फणफणला होता, बरळत होता. कप्तानाचा हुकूम होता की गोठ्याजवळ कोणी जायचं नाही आणि कोणाला आणायचं नाही. विनी त्याला दूध नेऊन द्यायची. सतरा वर्षांची पोर. तिचा जीव होता त्याच्यावर. तिला राहवेना. ती रात्री चालत गावात गेली आणि डॉक्टरला घेऊन आली, त्याला शपथ घातली. डॉक्टरने औषध दिलं आणि परत जाताना ठाण्यावर थांबला. शॅन्लींच्या घरातून रात्री कोणीतरी गावाकडे गेलं, एवढंच आमच्या लोकांना कळलं. त्यांनी ल्यूकला विचारलं. तो म्हणाला, मी गेलो होतो. कशाला, ते सांगेना. विनीला त्याने त्याआधीच मावशीकडे पाठवलं होतं. ती परत आली तेव्हा त्याला पुरून झालं होतं. ती माझ्याकडे आली, मी कप्तानाकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, एका घरातून एक थडगं पुरे. चारही पोरांचे भाऊ जिवंत आहेत, हिचं नाव निघालं तर ते हिला सोडायचे नाहीत.’

आणि मग पंधरावं पान : ‘…म्हणून आम्ही कोणीच कधी बोललो नाही.’

छावणीच्या मैदानात कोणीतरी कवायतीचे हुकूम देत होतं. टूहीने उठून खिडकी लावली.

५

इमेल्डाने नाकारलं नाही. डिम्फ्नाची गाडी पुन्हा फाटकात शिरलेली बघितली तेव्हाच तिला कळलं असावं, कारण या वेळी तिने चहाचं आधण ठेवलं नाही. कोट घातलेलाच होता, जणू पोलीस न्यायला आले आहेत.

तिने वाचलं होतं ते पान, चार वेळा. पहिल्यांदा तिला वाटलं आपण ओरडणार. ल्यूक निर्दोष. छापील, शपथेवर. आणि मग दुसऱ्यांदा वाचताना आजीचं नाव दिसलं. पहिल्या वाचनात ते दिसलंच नव्हतं, असं ती म्हणाली.

“उद्या पेपरवाले काय लिहितील, सांगा मला. भावाला मरू दिलं आणि बहीण गप्प बसली. आणि ती गप्प बसलीच, बाई. ल्यूकचं नाव कधी घेतलं नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही. मी त्याच्यासाठी सरकारशी भांडत होते तेव्हा ती ह्याच खुर्चीत बसायची आणि एक अक्षर बोलायची नाही. पण आईचं काय? आई तिला देवासारखं मानते. एवढं, की तिच्याबद्दल बोलतसुद्धा नाही. आईचे आता किती दिवस राहिलेत. तेवढे जाऊ दे, मग मी स्वतः येऊन सांगणार होते, ते पान तिथे आहे म्हणून.”

डिम्फ्ना म्हणाली, ते मी धरूनच चालले आहे.

मग तिने टूहीशी झालेलं बोलणं सांगितलं. पान आपल्या जागी परत गेलं होतं. फाइल शुक्रवारीच उघडणार, त्यात बदल नाही. पान छावणीबाहेर गेलेलं नाही, म्हणून चोरी नाही. नोंदवहीत टूही एवढंच लिहिणार होता की पान दुसऱ्या फाइलीत आढळलं, आणि ते खरंच होतं. इमेल्डाला मात्र यापुढे मूळ कागद हातात मिळणार नव्हते.

फाइल उघडल्यावर जे व्हायचं ते झालं. हेनेगनने छपाई थांबवून ते प्रकरण नव्याने लिहिलं आणि प्रस्तावनेत आपली चूक कबूल केली, जरा लांबलचक. गाफनी दोन दिवस गुत्ता बंद ठेवून बसला आणि मग पाथरवटाकडे जाऊन स्मारकावर आणखी एक नाव मावेल का, असं विचारून आला. पण ते सगळं पुढचं. त्या गुरुवारी दुपारी इमेल्डाच्या स्वयंपाकघरात अजून काहीच झालेलं नव्हतं आणि उद्या सगळ्या गावाला कळणार होतं.

“त्यांना परक्याकडून कळता कामा नये,” डिम्फ्ना म्हणाली. “आज सांगा. पानाची नकल मी आणली आहे.”

इमेल्डाने कोटाची बटणं लावली, काढली, पुन्हा लावली.

“तुम्ही चला माझ्याबरोबर,” ती म्हणाली. “मला एकटीला जमायचं नाही.”

६

वृद्धाश्रमाच्या खिडकीतून शॅनन नदी दिसत होती. नोव्हेंबरातलं पाणी काठावर चढलं होतं. फिलोमिना खिडकीशी बसली होती, गुडघ्यावर घोंगडी, केस नीट विंचरलेले. तिने डिम्फ्नाकडे पाहून मुलीला विचारलं, ही डॉक्टर आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाली, मग बसू दे.

इमेल्डा सांगायला लागली आणि अडखळली. शेवटी तिने नकल काढली आणि वाचून दाखवली, सावकाश, मोठ्याने, कारण म्हातारीला कमी ऐकू यायचं. विनीचं नाव आलं तिथेही ती थांबली नाही. डॉक्टर, ठाणं, ल्यूकचं ‘मी गेलो होतो’, कप्तान, थडगं. वाचून झालं तसं तिने कागदाची घडी केली आणि ती आईच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळू लागली.

फिलोमिना नदीकडे बघत होती.

“डेनिसबद्दल तुला मी कधी सांगितलं नाही,” ती म्हणाली.

“कोण डेनिस?”

“माझा भाऊ. चार वर्षांचा होता, मी आठ. घसा सुजला त्याचा, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. बाबा इंग्लंडला कामाला गेलेले. मी आईला म्हटलं, डॉक्टरला आण. ती दारापर्यंत गेली. शाल घेतली, कडीवर हात ठेवला आणि तशीच उभी. मी तिला ढकलत होते, पाठीवर मुठी मारत होते. ती थरथरत होती, पण पाऊल बाहेर टाकेना. सकाळी शेजारीण आली आणि तिने माणूस पाठवला. तोपर्यंत उशीर झाला होता.”

इमेल्डाने आईकडे पाहिलं.

“मी त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतं बोलले,” फिलोमिना म्हणाली. “ती मरेपर्यंत. तिचा विषय निघाला की मी उठून जायचे. तुला वाटलं असेल काय बाई मान ठेवते. मला वाटायचं, ही कसली आई. पोर डोळ्यांदेखत जातंय आणि हिला दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. मी तिला विचारलं होतं एकदा, का नाही गेलीस. ती म्हणाली, मला विचारू नकोस.”

तिचे डोळे कोरडे होते. ओठ मात्र हलत होते, काहीतरी जुळवत असल्यासारखे.

डिम्फ्ना दाराकडे सरकली. तिच्या उभ्या नोकरीत तिने पुष्कळ सत्यं शोधून लोकांच्या पुढ्यात ठेवली होती, आणि बहुतेक वेळा ती ठेवून निघून आली होती. आज तिला निघवेना.

इमेल्डा आईच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली. आईने तिच्या केसांवर हात ठेवला, मग तो काढून कागदाकडे नेला.

“सतरा वर्षांची होती म्हणतेस,” म्हातारी म्हणाली. “आणि एकटी चालत गेली. रात्रीची.”

“हो.”

“ते पुन्हा वाच. डॉक्टरला आणायला गेली तिथपासून.”